नियम नव्याने लिहिणं म्हणजे चोरी नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे रोलप्लेइंग (एखादं पात्र बनून, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) खेळणाऱ्या पोरांकडून एक गोष्ट वर्षानुवर्षं ऐकतोय: 'ऑस्रिक'सारखी नियमांची पुस्तकं म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या रोलप्लेइंग खेळाच्या, छपाई बंद झालेल्या जुन्या पुस्तकांची पायरेटेड कॉपी. हे साफ चूक आहे, आणि ज्यांनी ती पुस्तकं कष्टाने लिहिली त्यांच्यावर अन्याय करणारंही.

कॉपीराइट शब्दांना आणि चित्रांना मिळतो, खेळायच्या पद्धतीला नाही. वीस बाजूंचा फासा टाकून वार लागला का ते ठरवणं कुणाच्या मालकीचं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं: कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो.

शिवाय २००० मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची मालक असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने स्वतःच ओपन गेम लायसन्स या, इतरांना नियम वापरू देणाऱ्या परवान्याखाली खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीचे बरेचसे नियम खुले केले. त्याच आधारावर २००६ मध्ये 'ऑस्रिक' आलं. नियम 'ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या आवृत्तीसारखे, वाक्यं मात्र नवी.

'बेसिक फँटसी' या अशाच दुसऱ्या पुस्तकाची पीडीएफ तर अधिकृतपणे फुकट मिळते. टिळकवाडीत झेरॉक्सवाल्याकडून बिनधास्त छापून घ्या. मूळ जुन्या पुस्तकांचं स्कॅन मात्र फिरवू नका. छपाई थांबली म्हणून कॉपीराइट संपत नाही.