पार्श्वभूमी : ‘इनडिस्क्रिमिनेट’ हल्ला म्हणजे नेमका कोणता?

चाळणे, निवडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून ‘भेद करणे’ आले आणि त्याला नकार जोडून ‘इनडिस्क्रिमिनेट’. प्रतिजैविकांच्या सरसकट वापरापासून बेसुमार वृक्षतोडीपर्यंत कशालाही हे इंग्रजी विशेषण लागते. मात्र त्याचा अर्थ मीटरमध्ये मोजायची वेळ आणली ती युद्धाच्या कायद्याने.

१९२३ च्या हवाई युद्धविषयक मसुद्यात हा शब्द होता, पण तो मसुदा कधी लागूच झाला नाही. व्याख्या मिळाली ती १९७७ मध्ये, जिनिव्हा करारांच्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलच्या कलम ५१ मध्ये. विशिष्ट लष्करी लक्ष्यावर न रोखलेला हल्ला, तसे रोखताच येत नाही अशा शस्त्राने केलेला हल्ला आणि परिणाम आवरता येत नाही असा हल्ला, हे तिन्ही त्यात येतात. शहरातली स्पष्टपणे वेगळी लष्करी ठिकाणे एकच समजून सगळा भाग झोडपणे हाही असाच हल्ला. भारत या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही.

नागरिकांवर मुद्दाम नेम धरणे हा मात्र याच कलमातला वेगळा गुन्हा. मराठी बातम्या दोन्हींना ‘अंदाधुंद गोळीबार’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. जालियनवाला बागेत १९१९ मध्ये सुमारे १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या, त्याही गर्दी दाट होती तिकडे रोखून. त्याला अंदाधुंद म्हटले की हेतूच झाकला जातो.

क्रोएशियाची राजधानी झाग्रेबवर मे १९९५ मध्ये पडलेल्या क्लस्टर रॉकेटांचा (लहान बॉम्ब विखुरणाऱ्या) निवाडा तुलनेने सोपा होता. रॉकेट अनियंत्रित, मारा जवळपास ५० किलोमीटरच्या कमाल पल्ल्यावरून आणि चूक सुमारे हजार मीटरची. एवढ्या चुकीत शहरातले एखादे ठिकाण नेमके टिपणे अशक्यच.

खरा वाद त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रोएशियातल्याच क्निन शहरावर क्रोएशियन सैन्याने केलेल्या तोफमाऱ्याचा. २०११ मध्ये माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगमधील न्यायाधिकरणाने ठरवले, की ज्ञात लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरपलीकडे पडलेले गोळे बेकायदा माऱ्याचा पुरावा मानायचे. हा आकडा कुठून आला, याचे स्पष्टीकरण निकालात नव्हते. पहिला गोळा ४०० मीटरच्या आत पडला तरी चालेल, अशी एका तोफखाना अधिकाऱ्याची साक्ष समोर होती. नळीतून सुटतानाचा वेग, वारा, हवेचे तापमान आणि घनता यांनी नेम बदलतो, हे त्याच निकालात मान्य केले होते. तरी तोफांपासून वेगवेगळ्या अंतरावरच्या, क्निनसह चार गावांना एकच मोजपट्टी लावली गेली. २०१२ मध्ये अपिलातल्या पाचही न्यायाधीशांनी २०० मीटरचा निकष निराधार ठरवला. आरोपी असलेल्या दोन क्रोएशियन सेनाधिकाऱ्यांची सुटका मात्र ३ विरुद्ध २ अशी झाली. निकष चुकीचा होता हे पटते. पण त्याच्या जागी अपिलाने दुसरा कुठलाच दिला नाही, आणि ही उणीव जास्त गंभीर आहे. त्यामुळे आज तपास करणाऱ्याला प्रत्येक खड्ड्यासाठी शस्त्र, पल्ला, गोळे कुठे पडतात हे पाहणारा निरीक्षक होता का, आणि पहिल्या गोळ्यानंतर नेम सुधारला का, हे सगळे नव्याने तपासावे लागते.