अर्बुदपरिसरातील प्रतिकारपेशी आणि कर्करोगाचा प्रसार

कर्करोगाची गाठ, म्हणजेच अर्बुद, केवळ कर्कपेशींची बनलेली नसते. रक्तवाहिन्या, ऊतकाचे आधारतंतू बनवणाऱ्या तंतुजनक पेशी आणि रक्तातून आलेल्या रोगप्रतिकारक पेशी यांचा तिच्याभोवती व तिच्या आत जो परिसर तयार होतो, त्याला अर्बुदपरिसर म्हणतात. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी आढळतात हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. मात्र या पेशी प्रत्येक वेळी रोगाशी लढायलाच आलेल्या असतात, हा समज पुढे टिकला नाही.

मारक टी पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी कर्कपेशींना नष्ट करतात, तर नियामक टी पेशी त्या माऱ्याला आवर घालतात. प्रसाराच्या, म्हणजे कर्कपेशी मूळ गाठीतून निघून शरीरात इतरत्र रुजण्याच्या, दृष्टीने सर्वांत लक्षवेधी ठरतात त्या जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज). स्तनाच्या अर्बुदात कर्कपेशी सीएसएफ-१ हे प्रथिन स्रवून महाभक्षींना जवळ ओढतात. महाभक्षी उलट ईजीएफ हा वृद्धिघटक सोडतात आणि त्याच्या मागावर कर्कपेशी सरकू लागतात. अशी ही जोडी पेशींभोवतीच्या आधारद्रव्याच्या तंतूंवरून रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते. तेथे वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेली महाभक्षी व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारा वृद्धिघटक स्रवते, त्यामुळे भिंतीतील पेशींचे सांधे थोडा वेळ सैल होतात आणि शेजारची कर्कपेशी त्या फटीतून रक्तात शिरते. सीएसएफ-१ नसलेल्या उंदरांवरील २००१ च्या प्रयोगात मूळ गाठ जवळपास तशीच वाढली, पण फुप्फुसातील प्रसार मात्र बराच घटला. गाठ वाढणे आणि गाठ पसरणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, हे त्यातून दिसते. याला महाभक्षींची फितुरी म्हणणे मात्र फारसे बरोबर नाही, कारण ऊतक सैल करणे आणि नव्या वाहिन्या फुटण्यास चालना देणे हे जखम भरतानाचे त्यांचे नेहमीचेच काम आहे.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएच्या चिकट जाळ्यांत रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी अडकवतात. उंदरांत या जाळ्यांमुळे फुप्फुसातील सुप्त कर्कपेशी पुन्हा जाग्या झाल्याचेही आढळले आहे.

उपचारासाठी केवळ महाभक्षींची आवक रोखणे पुरेसे ठरत नाही. त्यांच्या पूर्वपेशींना बोलावणाऱ्या सीसीएल२ या संकेताला उंदरांमध्ये प्रतिबंध केला असता प्रसार कमी झाला. पण औषध थांबवताच अस्थिमज्जेत साचून राहिलेल्या त्या पूर्वपेशी एकदम बाहेर पडल्या आणि प्रसार पूर्वीपेक्षाही वेगाने झाला.