पाणी घातलेलं दूध आणि डोळ्यांखालची वर्तुळं

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, डोळ्यांखाली काळं म्हणजे किडनीत विष साठलंय, सात दिवस कच्चा बटाटा आणि लिंबू चोळा. आमच्या भाचीने ते मनावर घेतलं. वय १९, रात्री साडेदहाला घोरायला लागते, तरी घरातला प्रत्येकजण तिला "मोबाईल बघत जागत असशील" ऐकवतो, आणि आजीच्या मीठमोहऱ्या ओवाळूनही झाल्या. (नजरेने रंग बदलत असता तर आमच्या शेजाऱ्यांची नवी गाडी एव्हाना कोळशासारखी दिसली असती.) किडनीचं म्हणाल तर किडनीच्या काही आजारांत डोळ्यांभोवती सूज येते, ती गोष्ट वेगळी.

मुळात ही वर्तुळं दर वेळी काळी नसतातच. आरशात नीट बघा, कुणाची तपकिरी, कुणाची निळसर-जांभळी, कुणाची नुसती सावली. तीन वेगळ्या भानगडी, आपण नाव मात्र एकच ठेवलंय, आणि बऱ्याच जणांकडे त्या एकत्रच नांदतात.

मला यातली निळी भानगड भयंकर आवडते म्हणून आधी ती. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलीमीटर, आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नाहीच, थेट डोळा मिटायचा गोल स्नायू आणि बारीक शिरा. आता रक्त तर लाल, शिरेतलंसुद्धा गडद लालच असतं (तपासणीला दिलेलं रक्त सिरिंजमध्ये बघितलंय ना?), शाळेच्या पुस्तकातली निळी शीर ही चित्रकाराची सोय, मग वरून जांभळं का दिसतं?

गवळ्याने पाणी जास्त घातलं की आई पातेल्यात बघून म्हणायची, आज दूध निळं दिसतंय. गंमत तीच आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दुधाचे चारपाच थेंब टाका, मागे काळा कपडा धरा आणि बाजूने टॉर्च मारा, पाणी निळसर दिसेल. त्याच पाण्यातून आरपार टॉर्चकडे बघा, उजेड पिवळट-नारिंगी. दुधातले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, लाल बराचसा सरळ निघून जातो. कातडीत हे काम कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे करतात. निळा प्रकाश वरच्या वरच विखरून परत येतो, लाल मात्र काही मिलीमीटर आत शिरतो. एरवी तोही फिरून बाहेर आला असता, पण वाटेत रक्ताने भरलेली शीर लागली की त्यातला बराचसा तिथेच खाल्ला जातो. आजीच्या हातावरचं गोंदण काजळीचं, म्हणजे काळंकुट्ट, पण दिसतं हिरवट-निळं ते ह्याचमुळे, आणि तान्ह्या बाळाच्या कमरेखालचा निळा डागही (मार लागलाय म्हणून लोक घाबरतात तो) कातडीत खोल बसलेलं मेलॅनिनच (कातडीला रंग देणारं द्रव्य) असतं.

पण खरी मजा पुढे आहे. १९९६ मध्ये कीनले नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी हा प्रकाश मोजला, तर शिरेवरून परत येणाऱ्या प्रकाशातसुद्धा निळ्यापेक्षा लालच जास्त! फक्त आजूबाजूच्या कातडीच्या मानाने लाल कमी, आणि आपला मेंदू रंग सुटा बघतच नाही, शेजाऱ्याशी तुलना करून ठरवतो, म्हणून त्याला ती शीर निळी वाटते. म्हणजे निम्मा निळेपणा कातडीत आणि निम्मा डोक्यात. इथे डोकं गरगरलं तर हरकत नाही, माझंही गरगरलं होतं.

आता जागरण. चेहरा फिका पडतो, मग तीच जांभळी झाक जास्त उठून दिसते. ॲलर्जीने नाक चोंदलं की पापणीच्या शिरांतलं रक्त तुंबतं, तेव्हाही तेच. गार चमचा ठेवला की शिरा आकसतात आणि थोडा वेळ बरं दिसतं, काकडीची कीर्ती बहुतेक फ्रीजमुळे आहे.

तपकिरी वर्तुळं म्हणजे मेलॅनिन. आपल्याकडे हा प्रकार भरपूर, पुष्कळदा आईबापांकडून आलेला, आणि डोळे चोळायची सवय असली की वाढतो. लिंबाने आग होते आणि त्या जागी मेलॅनिन उलट वाढू शकतं, म्हणजे फॉरवर्डवाल्याने रोगच पाठवला. सावलीवाला प्रकार सोपा, वयाने गाल उतरतात, डोळ्याखाली खळगा पडतो, वर ट्यूबलाईट असली की काळोख. त्यावर हजार रुपयांचं क्रीम लावणं म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्याला रंग देणं.

भाचीला खिडकीसमोर उजेडात बसवलं आणि बोटाने खालची कातडी हळूच ताणायला सांगितलं. सावली असती तर गेली असती, शिरा असत्या तर जांभळं आणखी गडद झालं असतं. तिचं तपकिरी जसंच्या तसं राहिलं. मग तिच्या बाबांचा कॉलेजातला फोटो काढला, तर त्यांच्या डोळ्यांखाली हुबेहूब तेच.

लिंबू बंद केलंय. बटाट्याच्या काचऱ्या आजीने केल्या.