टिटवीचं ओलं पोट

मे महिन्यात दुपारी दीड वाजता जळगावात घराबाहेर दिसणारा माणूस एकतर नाइलाजाने निघालेला असतो, नाहीतर पक्षी बघणारा असतो. मी दुसऱ्या जातीचा. डोक्याला ओलं उपरणं गुंडाळून, गावाबाहेरच्या तळ्याजवळ एका बाभळीच्या विरळ सावलीत बसलो होतो. समोर तीस-चाळीस पावलांवर मुरमाड पडीत जमिनीत टिटवीचं घरटं होतं. घरटं कसलं, खडे बाजूला सारून केलेली बशीएवढी खळगी. त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत करून मांडलेली. रंग असा मातकट, ठिपक्याठिपक्यांचा, की दुर्बिणीतून नजर हटली की पुन्हा शोधावी लागत.

टिटवी अंड्यांवर बसलेली नव्हती. पाय अर्धवट दुमडून, पंख सैल सोडून ती नुसती सावली धरून उभी होती. चोच उघडी आणि गळा सारखा थरथरत होता. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. तोंडा-घशातल्या ओलाव्याची वाफ होऊ देणं हाच त्यांचा घाम. थोड्या वेळाने जोडीदार पाण्याकडून चालत आला. त्याच्या पोटाची पिसं ओली होऊन चिकटली होती. ही बाजूला झाली, तो बसला. वीसेक मिनिटांनी पुन्हा अदलाबदल.

आपल्याकडे शब्द आहे ‘उबवणं’. खानदेशातल्या मे महिन्यात टिटवीचं काम नेमकं उलटं असतं. अंड्यातल्या जिवाला 37-38 अंश मानवतं. त्याहून थंड चाललं तर वाढ मंदावते, पण चार-पाच अंश जास्त फार वेळ राहिलं तर जीवच जातो. हवा 45 अंशांवर असताना उघड्या मुरमाचा पृष्ठभाग 60 अंशांच्याही वर जातो. म्हणजे अंडी तव्यावरच आहेत. यावर उपाय तोच, जो आपल्या माठाचा आणि कुलरचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 ज्यूल उष्णता लागते, आणि ओल्या पिसांतलं पाणी ती अंड्यांकडून नि आसपासच्या हवेकडून ओढून घेतं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून कुलर कोकणात चालत नाही तितका इथे चालतो. टिटवीचाही तसाच.

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर आणि नदीपात्रात घातली तर कमी, असं जुने शेतकरी सांगतात. मला हा हिशेब कधी जुळलेला दिसला नाही. पण या समजुतीपायी माणसं अंड्यांची जागा लक्षात ठेवतात आणि वखर घालताना तेवढा तुकडा वगळून जातात, हे मी पाहिलंय. त्यामुळे ती समजूत खोडून काढायची मला तरी घाई नाही.

मुद्दा असा, की या सगळ्या कारभाराला पायी चालत जाता येईल असं उथळ पाणी लागतं. नुसतं तळं असून भागत नाही, तळ्याला काठ हवा. तळी सुंदर करायची म्हणून आपण सगळ्यात आधी काय काढतो, तर काठच.

साधं गणित करून बघा. काठाला 50 फुटांना एक फूट असा सावकाश उतार असेल, तर पाणी 10 सेंटिमीटर उतरल्यावर 5 मीटर रुंदीचा ओला चिखल उघडा पडतो. तोच काठ दगड बसवून दोन फुटांना एक फूट असा उभट केला, तर तेवढंच पाणी उतरल्यावर हाती येते 20 सेंटिमीटरची शेवाळी पट्टी, तीही दगडाची. ऑक्टोबरपासून पाणी रोज थोडं मागे सरकतं आणि रोज ताजा चिखल वाढून ठेवतं. त्यात अळ्या, किडे, गोगलगायी असतात. चिखल्याची चोच आखूड, तो वरवरचं टिपतो. तुतवार जरा खोल जातो. पाणलाव्याची लांब चोच थेट आत घुसते आणि तिच्या टोकाला स्पर्श कळतो, त्यामुळे न बघता खाता येतं. शेकाट्या गुलाबी काटक्यांसारख्या पायांवर पाण्यातच उभा. एकाच पंगतीत चौघे बसतात आणि कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही.

भुसावळजवळच्या हतनूर धरणावर हे मोठ्या प्रमाणावर बघायला मिळतं. चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात, आणि तिथवर पसरलेल्या फुगवट्यात वर्षानुवर्षं गाळ साचतो आहे. धरण सांभाळणाऱ्यांची ती डोकेदुखी आहे आणि ती खरीही आहे. पाण्याची जागा गाळाने खाल्ली की शेतीला नि शहराला कमी पडणारच. पण त्याच गाळाच्या उथळ पट्ट्यांवर हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं उतरतात. हजारो किलोमीटर, काही तर हिमालय ओलांडून आलेली. गाळ काढूच नका, असं मी म्हणणार नाही. मधून काढा, काठ खरवडू नका, एवढंच.

झाडांचंही असंच. रस्त्याकडेच्या कडुनिंबाची वाळकी फांदी दिसली की आपल्याला ती तोडायची घाई. रस्त्यावर पडेल अशी असेल तर तोडावीच. पण कुंपणाच्या आत, कुणाच्या डोक्यावर नसलेली फांदी म्हणजे तांबट पक्ष्याचं घर. तो मऊ पडलेल्या लाकडातच भोक कोरू शकतो. पोपट, मैना, पिंगळा यांना तेही जमत नाही. आयती ढोली मिळाली तर संसार, नाहीतर नाही.

ढोलीवर जगणाऱ्यांत खानदेशाचा एक मानकरी आहे, रानपिंगळा. 1884 मध्ये याच भागात त्याचा नमुना गोळा झाला आणि नंतर तो नाहीसाच झाला. मधे एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 चा नमुना आपल्या नावावर दाखवला. तो संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला जुनाच पक्षी निघाला. अखेर नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तीन अमेरिकी पक्षी अभ्यासकांना जिवंत रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! त्याला शहरातली झाडं चालत नाहीत, सातपुड्यातल्यासारखं सागाचं रान लागतं. पण जुन्या झाडातली ढोली हीच त्याचीही गरज.

आमच्या तळ्याच्या तीन बाजू आता दगडी झाल्या आहेत. चालायला छान वाटतं, मीही सकाळी तिथेच चालतो. चौथी बाजू निधीअभावी राहिली. टिटव्या तिथेच आहेत. पण त्या वर्षी मेच्या अखेरीला पाणी बरंच आत गेलं आणि मधे सुकलेल्या गाळाच्या भेगा राहिल्या. टिटवी रोज उलट दिशेला उडून जायची, तेव्हा मी एकदा तिच्या मागे गेलो. रस्त्याकडेच्या जलवाहिनीचा व्हॉल्व्ह गळत होता आणि खाली परातीएवढं डबकं साचलं होतं. ती त्यात बसली, दोनदा अंग घुसळलं, उठली आणि निघाली.

गळक्या व्हॉल्व्हची तक्रार करायला मी खिशातून फोन काढला होता. अंडी फुटायला आठेक दिवस बाकी होते. फोन परत ठेवला.