बुल रन, १८६१ : नव्वद दिवसांच्या फौजेची लढाई

अमेरिकेतील यादवी युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट समटर या किल्ल्यावर डागली गेली, परंतु ३४ तासांच्या त्या भडिमारात एकही सैनिक मारला गेला नाही, आणि हे प्रकरण लवकरच आटोपेल हा दोन्ही बाजूंचा समज कायम राहिला. वादाचे मूळ मात्र खोल होते. १८६० च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती, दक्षिणेतील कापसाची शेती त्यांच्याच श्रमांवर चालत होती, आणि गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही असे सांगणारे लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून येताच दक्षिणेतील राज्ये एकेक करून फुटू लागली. (ती प्रथा मोडून काढणाऱ्या अमेरिकी लोकांनाच जोतीराव फुले यांनी पुढे १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले.)

समटर पडल्यावर लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवक मागवले, तेही अवघ्या ९० दिवसांसाठी. माझ्या मते पुढील अनर्थाचे बीज या मुदतीतच होते. जुलैमध्ये ती संपत आली, वृत्तपत्रे चढाईसाठी घायकुतीला आली, आणि फौज अजून कच्ची आहे हे उत्तरेच्या (लिंकन सरकारच्या) फौजेचे सेनापती जनरल मॅकडॉवेल यांचे म्हणणे बाजूला पडले. २१ जुलै रोजी व्हर्जिनियातील बुल रन ओढ्याकाठी लढाईला तोंड फुटले, तेव्हा पेनसिल्व्हेनियाची एक पलटण मुदत भरली म्हणून तोफांच्या आवाजाकडे पाठ फिरवून घरी निघाली होती. वॉशिंग्टनहून काही प्रतिष्ठित मंडळी तर लढाई पाहण्यासाठी बग्ग्यांतून आली होती.

गणवेशही ठरलेले नव्हते. हेन्री टेकडीवर निळ्या पोशाखातील एक पलटण चालून आली, तेव्हा ती आपलीच समजून उत्तरेच्या तोफखान्याने मारा थांबवला. ती दक्षिणेच्या बाजूची, व्हर्जिनियाची निघाली, आणि तिच्या एकाच फैरीत तोफांजवळची माणसे व घोडे कोसळले. त्याच टेकडीवरच्या घरात ज्युडिथ हेन्री ही पंच्याऐंशीच्या आसपासची विधवा अंथरुणाला खिळून होती. घराच्या आडोशाने बंदुकी चालत असल्याचे पाहून तोफांची तोंडे तिकडे वळली आणि ती तिथेच मरण पावली. दुपारनंतर दक्षिणेचे जनरल जॉन्स्टन यांची रेल्वेने आणलेली कुमक पुरेपूर कामी आली आणि उत्तरेच्या फौजेची माघार पाहता पाहता पळापळीत बदलली.

उत्तरेचे सुमारे ४६० आणि दक्षिणेचे सुमारे ३८७ सैनिक ठार झाले, तर दोन्हींकडचे मिळून २,७०० च्या आसपास जखमी झाले. परंतु जखमींचे जे हाल झाले, ते या आकड्यांतून कळत नाहीत. रुग्णगाड्या हाकायला नेमलेले अनेक भाडोत्री गाडीवान पळून गेले. ज्यांचे पाय शाबूत होते ते जखमा घेऊन सुमारे ४० किलोमीटर चालत वॉशिंग्टनला पोहोचले, आणि सडली येथील चर्चमध्ये ठेवलेले कित्येक जण तेथील शल्यचिकित्सकांसह शत्रूच्या हाती लागले. जखमींना उचलण्यासाठी लष्कराचे स्वतंत्र शिक्षित पथक पुढच्याच वर्षी पोटोमॅकच्या फौजेत, म्हणजे उत्तरेच्या पूर्वेकडील मुख्य सैन्यात, उभे राहिले, आणि त्याला सर्व फौजांसाठी कायद्याचे रूप मिळायला १८६४ उजाडले. नव्या सैनिकभरतीला मात्र इतका वेळ लागला नाही: पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी लिंकन यांनी पाच लाख स्वयंसेवकांच्या कायद्यावर सही केली, आणि आता मुदत तीन वर्षांपर्यंतची होती.