इन्सॅट-१बी

इन्सॅट-१बी हा भारताचा राष्ट्रीय दळणवळण उपग्रह, ३० ऑगस्ट १९८३ ला अमेरिकेच्या चॅलेंजर शटलमधून वर गेला. पण नुसता दळणवळण उपग्रह म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं, कारण फोन, टीव्ही, रेडिओ आणि हवामान अशी सगळी कामं या एकट्याच्या गळ्यात होती. बाकीचे देश ही कामं साधारणपणे वेगवेगळ्या उपग्रहांवर टाकायचे, आपल्याकडे पैसा बेताचा म्हणून सगळं एकात कोंबलं.

ही कोंबाकोंबी त्याच्या आकारातच दिसते. सोलर पॅनल एकाच बाजूला, जणू एकाच पंखाचा पक्षी. झालं असं की हवामानाच्या कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड भाग सतत थंड ठेवावा लागतो आणि त्यासाठी एक बाजू मोकळ्या, गार अवकाशाकडे उघडी हवी, तिथे तापलेलं पॅनल आलं की खेळ खलास. मग पंख एकाच बाजूला ठेवला, पण सूर्यप्रकाशाचाही बारीकसा दाब असतो आणि तो एकाच बाजूला पडत राहिला तर उपग्रह हळूहळू कलतो, म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांडी काढून तिच्या टोकाला तोल सांभाळायला एक शीड लावलं.

आधीचा भाऊ इन्सॅट-१ए याच भानगडींत गेला. एप्रिल १९८२ मध्ये वर गेला तेव्हा आधी अँटेना अडकली, शीड तर उघडलंच नाही, आणि सप्टेंबरमध्ये इंधन संपून कारभार आटोपला. त्यामुळे १बी च्या वेळी सगळ्यांचा जीव मुठीत होता. उपग्रहासाठी वेळ अशी साधायची होती की शटलला पहिल्यांदाच रात्री उड्डाण करावं लागलं. दुसऱ्या दिवशी ब्लूफर्ड या अंतराळवीराने त्याला शटलबाहेर सोडलं, आणि मग पुन्हा तेच, पॅनल पूर्ण उघडेना! कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रातून आणि फोर्ड एरोस्पेस या बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांकडून बरेच दिवस खटपट चालली, सप्टेंबरच्या मध्याला पॅनल उघडलं आणि ऑक्टोबरमध्ये उपग्रह कामाला लागला.

कामाची पद्धत समजायला सोपी आहे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर ७४ अंश पूर्वेला, पृथ्वीच्याच गतीने फिरायचा, म्हणून खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी खिळल्यासारखा, डिश एकदा रोखली की झालं. खालून आलेला सिग्नल तो ट्रान्सपॉन्डरमध्ये पकडायचा, फ्रिक्वेन्सी बदलायचा, ताकद वाढवायचा आणि परत खाली सोडायचा. असे १२ ट्रान्सपॉन्डर सी-बँडचे, मुख्यतः फोनसाठी, आणि २ जास्त ताकदीचे एस-बँडचे, टीव्ही-रेडिओसाठी (सी आणि एस ही रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांची नावं). एवढं अंतर वर जाऊन खाली यायला सिग्नलला साधारण पाव सेकंद लागतो, त्यामुळे उपग्रहावरून लागलेल्या ट्रंक कॉलवर, म्हणजे परगावच्या फोनवर, आपण बोलून थांबायचं, पलीकडून काहीच नाही, आपण परत "हॅलो, हॅलो" करायचं आणि नेमकं तेव्हाच तिकडचं उत्तर येऊन दोघं एकमेकांवर आदळायचे.

लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र टीव्हीमुळे. दिल्लीहून निघालेला कार्यक्रम उपग्रहावरून थेट गावोगावच्या टॉवरवर उतरायला लागला, प्रत्येक टॉवरपर्यंत जमिनीवरून मायक्रोवेव्हच्या, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे रेडिओ लहरींनी सिग्नल पुढे पाठवणाऱ्या मनोऱ्यांच्या, साखळ्या ओढायची गरज उरली नाही. दूरदर्शनने १०० वॅटची छोटी प्रक्षेपण केंद्रं लावायचा सपाटाच लावला, १९८४ मध्ये काही महिने तर दिवसाला जवळपास एक! छोट्या टॉवरची पोच दहा-पंधरा किलोमीटर, त्यापलीकडच्या गावात लोक कौलांवर उंच बांबू बांधून त्याला अँटेना लावायचे आणि एक जण खालून ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या काही खेड्यांत टॉवरशिवाय, जाळीच्या मोठ्या छत्रीने थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवायची सोयही केली होती. आकाशवाणीच्या केंद्रांनाही दिल्लीच्या बातम्या खरखरीशिवाय मिळायला लागल्या.

माझ्या मते खरी मोलाची सेवा हवामानाची. कॅमेरा साध्या प्रकाशात २.७५ किलोमीटर आणि इन्फ्रारेडमध्ये ११ किलोमीटरपर्यंतचा तपशील टिपायचा, गरज पडली तर दर अर्ध्या तासाला फोटो, तोही रात्रीसुद्धा. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ फिरायला लागलं की ते किनाऱ्यावर यायच्या आधीच दिसायचं. पुढे किनाऱ्यावरच्या गावांत याच उपग्रहावरून सूचना पोचवणारे रिसीव्हर बसवले, ठरावीक भागापुरता इशारा तिथल्या भाषेत आणि आधी भोंगा, म्हणजे झोपलेला माणूस उठलाच पाहिजे.

आयुष्य सात वर्षांचं धरलं होतं, ते त्याने नीट काढलं. मधला १सी १९८८ मध्ये वीजपुरवठ्याच्या बिघाडाने अर्धा निकामी झाला, जून १९९० मध्ये १डी आला आणि त्याने भार उचलला. १९९२ चा इन्सॅट-२ए इस्रोने स्वतः बनवला, पण रूप तेच, एक पंख आणि एक शीड. १९९५ च्या इन्सॅट-२सी मध्ये हवामानाचा कॅमेराच नव्हता, तिथे मात्र पंख दोन्ही बाजूंना आले.