केसाळ लोकर आणि वेल्वेट यार्न: दोन्ही मऊ, पण विणायची रीत उलटी

स्वेटर विणायची तयार किट आता सहज मिळतात. मोजून दिलेली लोकर, जाड सुया, शिवायची सुई आणि नमुन्याचा कागद. त्यातली लोकर बहुतेक वेळा मऊ आणि केसाळ असते. ती बघितली की वेल्वेट यार्नची खेळणी विणणारं कुणीतरी हमखास सांगतं, "सुई एक नंबर बारीक घे आणि घट्ट विण, नाहीतर टाके बाहेर डोकावतात." वेल्वेटसाठी हा सल्ला सोळा आणे खरा आहे. केसाळ लोकरीच्या स्वेटरचं मात्र त्यानं वाटोळं होतं. हाच सल्ला पुन्हा पुन्हा दिला जातो आणि नव्यानं विणायला बसलेल्या मुली त्यापायी स्वेटर अर्धा टाकून देतात, याचा मला खरंच राग येतो.

वेल्वेट यार्न म्हणजे शेनील. थोडक्यात सांगते: मखमलीसारखं, बहुधा पॉलिएस्टरचं, वजनाला जड, लवचिकपणा जवळजवळ नाही. टाका सैल राहिला की त्याचं वेटोळं कापडाबाहेर येतं.

आता मुद्द्याचं. मऊपणा येतो कुठून, ते बघा. बाटली घासायचा ब्रश आठवा, दोन तारांना पीळ देऊन मध्ये केस धरलेले असतात. शेनील अगदी तसंच बनतं: दोन बारीक धाग्यांच्या पिळात आखूड तुकडे अडकवलेले. बोटभर तुकडा कापून नखानं खरवडा. लव गळून पडते आणि हातात दोन नागडे धागे उरतात. म्हणूनच हे यार्न घट्ट विणायचं. शेजारच्या टाक्यांनी ती लव दाबून धरली नाही, तर ती झडते आणि वेटोळी सुटतात.

केसाळ लोकरीत, म्हणजे मोहेअर (अंगोरा शेळीचे केस) किंवा ब्रश केलेल्या अल्पाकात (उंटाच्या कुळातल्या अल्पाका प्राण्याची लोकर), तुकडे अडकवलेले नसतात. आधी अखंड सूत कातलेलं असतं, मग तारेच्या ब्रशांनी त्यातले तंतू वर ओढून काढतात. त्यामुळे वर दिसणारा केस गाभ्यातल्या पिळात रुजलेला असतो. या लोकरीचा बोटभर तुकडा उजेडात धरा: मध्ये शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक गाभा आणि सभोवती धुक्यासारखी लव. सुई कुठली घ्यायची हे त्या गाभ्यावरून ठरत नाही. दोन टाक्यांमधली जागा लव भरून काढते आणि तिला पसरायला ती मोकळी जागा लागतेच.

पहिल्या चार-सहा ओळी विणल्या की कापड जाळीदार दिसतं आणि घाबरून बारीक सुई घेतली जाते. इथेच घात होतो. लव टाक्यांच्या आत कोंडते, कापड नमद्यासारखं ताठ होतं आणि मापही चुकतं. ड्रॉप्स या कंपनीच्या ब्रश केलेल्या अल्पाका-सिल्कचं उदाहरण घ्या: 5 मिमीच्या सुईवर 10 सेंमीत 17 टाके. 100 सेंमी घेरासाठी 170 टाके घातले आणि घट्ट विणून 10 सेंमीत 20 बसले, तर घेर 85 सेंमी भरतो. मग दोष किटला दिला जातो. रोवन कंपनीच्या किडसिल्क हेझ या केसाळ लोकरीवर तर 3.25 ते 5 मिमी अशी सुईची रुंद मर्यादाच दिलेली असते, कारण जाड सुईवरही ती लोकर अंग धरते. म्हणून तळहाताएवढा नमुना विणा, कोमट पाण्यात भिजवून सपाट वाळवा, हलकेच झटका आणि मग टाके मोजा. न धुतलेल्या नमुन्यावरून लव किती फुलेल हे कळत नाही.

वजनाचा हिशेबही इथूनच निघतो. "किटची लोकर महाग, त्याऐवजी वेल्वेट घेऊ, मऊ तर दोन्ही" असं ऐकलं की मी लगेच हात धरते. हिमालया कंपनीचं डॉल्फिन बेबी हे वेल्वेट यार्न 100 ग्रॅममध्ये 120 मीटर येतं. वरची अल्पाका-सिल्क 25 ग्रॅममध्येच 140 मीटर, म्हणजे 100 ग्रॅमला 560. वेल्वेट जाड असल्यानं मीटर कमी लागतील, तरी स्वेटर कितीतरी जड होणार. त्यात लवचिकपणा नाही, म्हणून खांदे ओघळतात, बाह्या लांबतात आणि कोपराला लव झडून टक्कल पडतं. खेळणी, उशा, पाळण्यातली पांघरुणं यांना वेल्वेट उत्तम. स्वेटरला मी ते कधीच सुचवणार नाही.

बाकीचे गोंधळ फुटकळ आहेत. मोहेअर अंगोरा शेळीचं आणि अंगोरा लोकर सशाची, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. टोचण्याची भीती असेल तर कोवळ्या शेळीचं, म्हणजे किड मोहेअर घ्या.

सुयांच्या नंबरांनी मात्र मला फार छळलंय. आपल्याकडे दुकानात अजून जुना ब्रिटिश नंबर चालतो: आकडा मोठा, सुई बारीक. अमेरिकन नंबर याच्या उलट. आपली 8 नंबर 4 मिमीची, अमेरिकन 8 नंबर 5 मिमीची. फक्त 7 नंबर दोन्हीकडे 4.5 मिमी. न्यू जर्सीच्या मावशीनं पाठवलेल्या किटमधला कागद घेऊन बाजारात सुया आणायला जाल, तेव्हा नंबर सांगूच नका, मिलिमीटर सांगा. आणि ज्या किटवर धाग्याचे मीटर, तंतूचं नाव आणि सुईचे मिलिमीटर यातलं काहीच नाही, नुसतं "सुपर सॉफ्ट, फ्लफी" लिहिलंय, ते मुळीच घेऊ नका.

उसवण्याचंही सांगते, कारण तिथेही सवय उलटी लागते. केसाळ लोकरीत सुटलेला टाका खाली धावत नाही, शेजारचे केस त्याला धरून ठेवतात. त्यामुळे दचकून ओढू नका. टाका टाका करत मागे या. गुंता झालाच तर ओढाताण केल्यानं गाठ आवळते, म्हणून कात्रीच्या टोकानं आडवे आलेले चार केस तेवढे कापा, गाभ्याला हात लावू नका. बऱ्याच जणी विणकाम पिशवीत घालून थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवतात. गारठ्यानं लव जरा बसते आणि टाके सोडवायला सोपे जातात. वेल्वेट उसवताना दर खेपेला लव गळते. तोच धागा दोन-तीनदा उसवला असेल तर तेवढा भाग कापून नवा धागा जोडा.